चवथीच्या आधी डोक्याला मेंदी लावायची तर

मेंदीचा रंग लाल असतो. एवढं आधी पक्कं ध्यानात घ्या, पुढचं सगळं सोपं जातं. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते नारिंगी-लाल असतं आणि केसातल्या केराटिनला घट्ट चिकटतं. त्यातून काळा रंग कधीही येत नाही. पाकिटावर ‘काळी मेंदी’ छापलेलं असलं तरी येत नाही. अर्ध्या तासात केस काळेभोर झाले तर ते काम मेंदीने केलेलं नसतं, पाकिटात मिसळलेल्या दुसऱ्या कशाने तरी केलेलं असतं. ते ‘दुसरं काहीतरी’ काय असतं ते पुढे सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेने त्यापायी फार भोगलं आहे.

मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहते. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली, आता घरीच असते. चवथ जवळ आली की वाडीतल्या बायका आमच्या मागच्या पडवीत येतात. मुंबईहून चाकरमानी येणार, घर भरणार, फोटो निघणार, त्यामुळे प्रत्येकीला केस नीट हवे असतात. आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य तेच: “वैनी, माका लाल भडक नको हां. लोक हसतले.” लाल भडक होऊ न देता घरच्या घरी मेंदी लावता येते. नीळीच्या पानांची पूड जोडीला घेतली तर तपकिरी करता येते, काळीही करता येते. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो आणि कशाने काय होतं ते माहीत असावं लागतं.

सुरुवात पुडीपासून करू, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

परसातल्या झुडपाची ओली पानं वाटून डोक्याला लावायची कल्पना आपल्याकडे पुष्कळ जणींच्या मनात असते. नागपंचमीला हातावर लावायला ती पानं चांगली. पण मेंदीला कोरडी, तापलेली हवा लागते, तेव्हा तिच्या पानात रंग भरतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने दमट. त्या झुडपाच्या पानाने पांढरे केस नीट झाकले जात नाहीत, फिकट पिवळट राहतात. म्हणून डोक्यासाठी राजस्थानची सुकी पूड घ्यावी. पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, तिला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण पेटीवर देवगड छापलं म्हणून आत देवगडचाच हापूस असतो असं नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सोजतच्या नावाचंही तेच. नाव बघून घेऊ नका, पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचा. तिथे फक्त मेंदीच्या पानांची पूड, किंवा मेंदीचं शास्त्रीय नाव ‘लॉसोनिया इनर्मिस’, एवढंच लिहिलेलं हवं. ‘पीपीडी’, ‘पॅरा-फिनिलीनडायअमाइन’ किंवा ‘सोडियम पिक्रामेट’ यातला एकही शब्द दिसला तर पाकीट परत ठेवा. मागे काहीच लिहिलेलं नसेल तर दुकानदाराने कितीही ग्वाही दिली तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर चमचाभर पूड काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळा आणि ठेवून द्या. पाणी लगेच हिरवंगार झालं तर पुडीला हिरवा रंग लावलेला आहे. चांगल्या मेंदीचं पाणी आधी मळकट हिरवट दिसतं आणि हळूहळू तपकिरी होत जातं. पेला हलवून तळाशी बघा, वाळू असेल तर गोल फिरताना दिसते. पूड वस्त्रगाळ हवी. जाडी भरडी पूड लावताना सोपी वाटते, धुताना मात्र रडवते. तिचे कण दोन दिवस उशीवर पडत राहतात.

आता जावेची गोष्ट. तिने बाजारातून ‘हर्बल काळी मेंदी’ असं लिहिलेलं पाकीट आणलं. पाऊण तासात केस काळे कुळकुळीत झाले, ती खूश होती. दुसऱ्या दिवशी टाळूला खाज सुटली, तिसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या इतक्या सुजल्या की तिला डोळे उघडता येईनात. कानामागून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं, मागे पीपीडी लिहिलेलं होतं. अगदी बारीक अक्षरात, पण होतं. हे रसायन बाजारातल्या बहुतेक काळ्या हेअर डायमध्ये असतं. पुष्कळ जणांना ते चालतं, पण एकदा का अंगाने त्याच्याशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर राहतं आणि पुढच्या खेपेला त्रास जास्त होतो. दिवसा-दोन दिवसांनी उठतं म्हणून कित्येकींना तो रंगाचा त्रास आहे हेही कळत नाही, त्या उन्हाला नाहीतर माशाला दोष देत बसतात. डाय लावायचा तो डाय म्हणून लावावा, समजून लावावा. मेंदीच्या नावाखाली तो विकला जातो याचा मला मनापासून संताप येतो. झाडपाल्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईची ही फसवणूक आहे.

शुद्ध मेंदीचीही आधी चाचणी घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावा, धुवा आणि दोन दिवस वाट पहा. लहान मुलांच्या डोक्याला किंवा अंगाला मेंदी थापू नका. ज्यांना जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीने फुटू शकतात, आणि ही कमतरता लहानपणी कित्येकदा माहीतच नसते. घरात कोणाला तसं निदान झालेलं असेल तर त्या माणसाने मेंदीपासून लांबच राहावं.

किती पूड लागेल? नुसती मुळं आणि कानशिलं रंगवायची असतील तर 100 ग्रॅम पुरे. खांद्यापर्यंतच्या केसांना 200 ग्रॅम, कमरेपर्यंत दाट असतील तर 400 ग्रॅम तरी हवीच. काटकसर इथे करू नये. मेंदीचा थर पातळ बसला की तो सुकतो, आणि सुकलेली मेंदी रंग देत नाही.

भिजवण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते. पानातलं लॉसोन पुडीत बांधलेलं असतं, ओलावा मिळाला की सुटायला लागतं. नुसत्या गरम पाण्यात ते भराभर सुटतं आणि तितक्याच लवकर हवेने निकामी होऊ लागतं. आंबट पाण्यात ते सावकाश सुटतं, टिकतं आणि केसावर बसलेला रंग पुढे गडद होत जातो. म्हणून सगळे लिंबू पिळायला सांगतात. लिंबू चालतं, पण आमच्या इथल्या बऱ्याच जणींची टाळू लिंबाने चुरचुरते, केसही राठ होतात. मी आमसुलाचं पाणी वापरते. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं आणि निळा लिटमस कागद त्या पाण्यात बुडवला की लगेच लाल होतो. आमच्या घरात सोलं बारा महिने असतात, लिंबं नसतात.

मूठभर सुकी सोलं दोन भांडी पाण्यात दहा मिनिटं उकळायची, त्यातच दोन चमचे चहापूड टाकायची, झाकून ठेवायचं, कोमट झालं की गाळून घ्यायचं. बिनमिठाची सोलं मिळाली तर उत्तम, नाहीतर आधी पाण्यात खळबळून मीठ काढून टाका. आगळ वापरू नका, ती खारट असते. सरबताचं कोकम तर मुळीच नको, त्यात साखर असते आणि पावसात डोक्याला मुंग्या लागायला वेळ लागत नाही. 100 ग्रॅम पुडीला साधारण 300 मिली पाणी लागतं. पण सगळं एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत कालवा. चमचा उचलला तर मेंदी सावकाश खाली पडली पाहिजे, ओघळता कामा नये. तासाभराने ती आणखी घट्ट होते, तेव्हा पुन्हा जरासं पाणी लागतं.

लालसरपणा कमी हवा असेल तर 100 ग्रॅम मेंदीला तीन-चार चमचे आवळ्याची पूड घाला. आवळा आंबटही आहे आणि त्यात टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर असतं. अंडं आणि दही घालू नका. लॉसोन प्रथिनाला चिकटतं हाच तर त्याचा गुण आहे. अंडं घातलं की ते आधी अंड्याला चिकटतं आणि केसाच्या वाट्याला कमी येतं. केस मऊ करायचे असतील तर दही दुसऱ्या कुठल्या दिवशी लावा. बिटाच्या रसाचा केसाला टिकाऊ रंग येत नाही, पहिल्याच धुण्यात तो वाहून जातो. तेलही कालवू नका. जास्वंदीची दहा-बारा पानं वाटून त्यांचा बुळबुळीत रस घातला तर मात्र फार छान, मेंदी केसावरून सरकते आणि धुताना सुटते. जास्वंद आपल्या प्रत्येक घराच्या गडग्याला असते.

लोखंडी कढईत भिजवावी की नाही? आमच्या सासूबाई कढईतच भिजवायच्या आणि त्यामागे कारण आहे. आंबट पाण्याने कढईचं थोडं लोखंड सुटतं, ते चहा-आवळ्यातल्या टॅनिनशी मिळून काळपट होतं आणि रंगाला गडद झाक येते. ज्यांना तपकिरी हवं त्यांनी कढई घ्यावी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कढईतली मेंदी वरून काळी पडते ती लोखंडामुळे, रंग सुटला म्हणून नव्हे. आणि ज्या मुली पार्लरमध्ये जाऊन पुढे केस ब्लीच किंवा हायलाइट करणार असतील त्यांनी कढईची मेंदी लावू नये, केसात बसलेल्या धातूची पेरॉक्साइडशी गाठ पडली तर केस तापतात, तुटतात. त्यांच्यासाठी काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या.

रंग सुटला की नाही ते तळहातावर बघायचं. वाटाणाभर मेंदी हातावर ठेवा, पाच मिनिटांनी पुसा. स्वच्छ नारिंगी डाग पडला तर तयार, फिकट पिवळा असेल तर थांबा. मे महिन्याच्या उकाड्यात पाच-सहा तास पुरतात. श्रावणाच्या गार हवेत आठ-दहा तास लागतात, म्हणून मी रात्री जेवणं आटोपली की भिजवते आणि सकाळी चहा झाल्यावर लावायला घेते. त्याहून फार जास्त वेळ ठेवू नका, दीड-दोन दिवस तशीच राहिलेली मेंदी मरते.

डोक्यावर तेलाचा थेंब नको. हे लिहायला सोपं आहे, पण आपल्या बायकांच्या डोक्याला लहानपणापासून रोज खोबरेल असतं आणि एका धुण्याने ते निघत नाही. आदल्या दिवशी दोनदा शाम्पू लावा, किंवा रिठा-शिकेकाई चांगली फेसाळून धुवा. कंडिशनर लावू नका. केस जरासे ओलसर असले तर मेंदी अधिक चांगली पसरते.

माझी पद्धत सांगते. समोर शेजारच्या काकी बसल्या आहेत असं समजा. सत्तरी ओलांडलेल्या, केस पूर्ण पांढरे, आणि त्यांना मेंदीचा लालच हवा असतो कारण त्यांच्या आईचा तसा होता. मागच्या पडवीत पाट, खाली जुनं वर्तमानपत्र, खांद्यावर टाकाऊ टॉवेल. कपाळाच्या कडेने, कानांवर आणि मानेवर खोबरेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे कातडीवर डाग पडत नाही. पण बोट केसाला लागू द्यायचं नाही, नेमकी कानशिलाजवळची पांढरी लव तशीच राहून जाते. हातात मोजे. केसांचे मधोमध आणि कानापासून कानापर्यंत भांग पाडून चार भाग करायचे. सुरुवात मानेकडून. बोटभर रुंदीची बट उचलायची, मुळाशी मेंदी दाबून बसवायची, मग टोकापर्यंत ओढायची, बट पिळून डोक्यावर ठेवायची, तिच्यावर पुढची बट. ब्रशने थर पातळ बसतो, हाताने लावा. कानशिलं आणि भांगाच्या कडा सगळ्यात शेवटी घेते पण तिथे दुप्पट मेंदी थापते, कारण तिथले पांढरे केस राठ असतात, रंग चटकन घेत नाहीत. सगळं झालं की पुन्हा एकदा भांगावरून बोट फिरवायचं. काकी त्या वेळेपर्यंत कंटाळलेल्या असतात. “गो बाय, अजून किती येळ?” अजून तीन तास.

हे तीन तास मेंदी ओली आणि उबेत राहिली पाहिजे. पार्लरवाल्या प्लास्टिकची टोपी घालतात. आमच्याकडे केळीचं पान विस्तवावर धरून मऊ करतात, डोक्यावर गुंडाळतात आणि वरून जुनं फडकं बांधतात. पान गरम करून घेतलं नाही तर शिरेवर फाटतं. पानाने ओल टिकते आणि प्लास्टिकसारखं आत घामेजत नाही. ज्यांना सर्दीचा किंवा डोकेदुखीचा त्रास आहे त्यांनी मेंदी कोमट करून लावावी, भर दुपारी लावावी आणि टोपीवरून लोकरीचं काहीतरी बांधावं. ओली मेंदी डोक्यावर गार होते, पावसात तर जास्तच. तीन ते चार तास पुरेत. रात्रभर ठेवून झोपायची गरज नाही.

धुताना बालदीत पाणी घेऊन त्यात केस बुडवा, बोटांनी मोकळे करा, निम्मी मेंदी तिथेच सुटते. मग भरपूर पाणी. पहिलं पाणी शेवाळी येतं, मग गढूळ, मग फिकट होत होत जवळजवळ स्वच्छ. कण अडकले असतील तर जास्वंदीच्या पानांचा रस चोळा. शाम्पू दोन दिवस नाही. इथे पाण्याबद्दल सांगायला हवं. खाडीकाठच्या आमच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. त्या पाण्याने केस चरचरीत होतात, तेव्हा शेवटच्या धुण्यासाठी गोड्या पाण्याची एक कळशी राखून ठेवा. पावसात तर प्रश्नच नाही, पागोळीखाली स्वच्छ हंडा लावला की झालं. पहिल्या सरींचं पाणी मात्र सोडून द्या, ते कौलं धुऊन येतं. विहिरीच्या पाण्याला लाल गाळ बसत असेल तर त्यात लोखंड आहे, रंग जरासा गडद होईल, बिघडणार नाही.

धुतल्यावर आरशात बघून पांढऱ्या केसांच्या जागी भडक नारिंगी दिसेल आणि धसका बसेल. थांबा. मेंदीचा रंग हवेने पिकतो, दोन-तीन दिवसांत तो तांबूस, मग विटकरी होतो. म्हणून चवथीच्या आदल्या दिवशी मेंदी लावू नका; माटवी बांधायच्या गडबडीत तेवढा वेळही नसतो. चार-पाच दिवस आधी लावा, मूर्ती घरात येईपर्यंत रंग पिकून जागेवर आलेला असतो. तुमचे केस मुळात काळे असतील तर घाबरायचं कारणच नाही. मेंदी केसाचा मूळ रंग उडवत नाही, त्याच्यावर पारदर्शक थर चढवते. काळ्या केसात फक्त उन्हात तांबूस चमक दिसते.

आता काळा आणि तपकिरी. याला नीळ लागते, म्हणजे नीळीच्या झाडाच्या सुकलेल्या पानांची पूड, ‘इंडिगोफेरा टिंक्टोरिया’. तामिळनाडूत तिची लागवड होते आणि आता पुडी आपल्याकडेही मिळतात. कपड्यांना घालतात ती निळी पूड डोक्याला चुकूनही लावू नका, तिचा या झाडाच्या पानांशी संबंध नाही. पानांची पूड हिरवी असते, निळी नसते. हिच्याही पाकिटामागचा मजकूर वाचा, कारण काही जण हिच्यातही पीपीडी घालतात.

नीळ मेंदीच्या अगदी उलट वागते. तिला आंबट चालत नाही, थांबणंही चालत नाही. साधं कोमट पाणी घ्या, चिमूटभर मीठ टाका, पूड कालवा, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. वरच्या कडेला निळी-जांभळी झाक आली आणि ओल्या गवताचा वास सुटला की लगेच लावायला घ्या. अर्ध्या-पाऊण तासाने तिचा जोर ओसरू लागतो, म्हणून मोठे केस असतील तर दोन वेळा थोडी थोडी कालवा.

काळे हवे असतील तर दोन टप्पे. आधी वर सांगितली तशी मेंदी, पूर्ण वेळ. धुवा, टॉवेलने टिपा, आणि ओलसर केसांवर नीळ लावा, दीड-दोन तास ठेवा, नुसत्या पाण्याने धुवा. लाल थराशिवाय नुसती नीळ पांढऱ्या केसावर लावली तर केस निळसर-हिरवट दिसतात. खाली लाल बसलेला असला की त्यावर निळं चढून काळं होतं. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसली तर गडबडू नका, एक-दोन दिवसांत ती जाते. टाळूवर आणि कपाळावर नीळीचा डाग मेंदीपेक्षा हट्टी असतो, कडेचं खोबरेल विसरू नका.

तपकिरी हवे असतील तर एकच टप्पा. रात्रभर भिजून तयार झालेल्या मेंदीत, लावायच्या क्षणी, वेगळी कालवलेली नीळ मिसळा. दोन्ही समसमान घेतल्या तर गडद तपकिरी, दोन भाग मेंदीला एक भाग नीळ घेतली तर तांबूस तपकिरी. या मिश्रणासाठी मेंदी भिजवताना आंबट अगदी थोडं ठेवा, नाहीतर नीळ मंदावते. पहिल्यांदा करताना विंचरताना निघालेले पांढरे केस एका दोऱ्याने बांधून त्यांच्यावर आधी प्रयोग करा. दोन दिवसांनी त्या झुबक्याचा जो रंग होईल तोच तुमच्या डोक्यावर दिसणार आहे. मी प्रत्येकीचा असा झुबका करते, कारण एकीच्या केसावर जे प्रमाण सुंदर दिसतं ते दुसरीच्या केसावर फिकं पडतं. माझ्या मते चाळिशी-पन्नाशीच्या बाईला तांबूस तपकिरी सगळ्यात शोभतो. मुळं पांढरी दिसू लागली तरी तो डोळ्यात खुपत नाही, काळ्याखाली मात्र पांढरी रेघ लगेच दिसते. हा माझा कल झाला, तुम्ही तुमचं ठरवा.

नीळ लावण्याआधी एक विचार जरूर करा. ती सहजी निघत नाही, आणि नीळ लावलेले केस कोणी ब्लीच केले तर हिरवे होऊ शकतात. लग्नाच्या आधी पार्लरमध्ये जाऊन वेगळा रंग करायचा बेत असेल तर नीळीकडे वळू नका. केमिकल डाय सोडून मेंदीकडे यायचं असेल तर डाय लावल्यावर महिनाभर थांबा.

केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे चार-पाच आठवड्यांनी मुळं पुन्हा पांढरी दिसणार, तेव्हा फक्त मुळांनाच मेंदी लावा. दर वेळी टोकापर्यंत लावत गेलं की थरावर थर चढतात आणि टोकं काळपट, मुळं तांबूस असे दोन रंग दिसतात. टोकांना वर्षातून दोन-तीनदा पुरे. मधल्या काळात सौम्य शाम्पू, आणि धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल. त्यात माक्याच्या पानांचा रस उकळवून घातलेला असेल तर केसांना झळाळी येते. माका शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, चवथीच्या सुमारास भरपूर असतो.

सुकी पूड पावसात उघडी ठेवू नका, आपल्या हवेत ती महिन्याभरात ओल धरते, रंगही उतरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्य असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. भिजवलेली मेंदी उरली तर लहान पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात टाका, काही महिने टिकते, पुढच्या वेळी मुळांना तीच वापरता येते. कालवलेली नीळ मात्र टिकत नाही, ती माडाच्या आळ्यात ओतून टाका आणि मोरीच्या फरशीवर सांडलेले थेंब सुकायच्या आत पुसून घ्या.